काही झालेलं नाही अजून

ट्रेव्हरची कॅरव्हॅन आम्ही मार्चमध्ये घेतली,
सव्वीस वर्षांची, दोन माणसं आणि एक कुत्रं मावेल एवढी.
कुत्र्याचा वास किमतीत धरलेला होता.
क्लीथॉर्प्सच्या पुढे, कोबीच्या शेताच्या कडेला उभी असते,
चाकाला पिवळं कुलूप.
वैजयंती म्हणाली, पडदे नंतर, आधी विमा.
नर्स आहे ती. आधी आणि नंतर यांतलं अंतर
तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तर मी बसलोय स्वयंपाकघरात,
ग्रिम्सबीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला,
बोटांना अजून माशाचा वास
आणि समोर दोन कोटेशन्स.
एकशे अठरा पौंड.
एकशे सत्त्याऐंशी.
मधल्या एकोणसत्तर पौंडांत पडदे येतात.

स्वस्तवाल्यांचं पत्रक मी शेवटाकडून वाचतो, जुनी खोड.
टायर पाच वर्षांहून जुने असल्यास, नाही.
मालक जवळ नसताना ऑनिंग वाऱ्याने फाटल्यास, नाही.
ओल हळूहळू मुरली असल्यास, नाही.
हळूहळू.
हा शब्द माझ्या ओळखीचा आहे.
मी तो पगारावर वापरलाय.

नऊ वर्षं इचलकरंजीत सर्व्हेअर होतो.
मोमीनांच्या शेडमध्ये आठ माग जळाले
तेव्हा टेप घेऊन गेलो होतो.
राखेत पाय नको म्हणून दारातूनच मापं घेतली.
त्यांनी चहा मागवला.
कप पुढे करणाऱ्या हाताला बँडेज होतं,
कोपरापर्यंत.
मी लिहिलं : वायरिंग जुने, मालकाची निष्काळजी.
साहेब म्हणाले, तुमची भाषा फार नेमकी असते हो.

पलीकडच्या कॅरव्हॅनमधली मॉरीन सांगते,
वादळात तिचं छतावरचं झाकण उडालं,
तर कंपनीने अकरा महिने फोनवर पियानो ऐकवला
आणि मग काखा वर केल्या.
कुठली कंपनी? तर ही, एकशे अठरावाली.
महागवाल्यांची मात्र कुणाकडे गोष्टच नाही.
असणार कशी.
पैसे येतात, झाकण बसतं, माणूस विसरतो.
तोंडाला पानं पुसली
तरच माणूस चारचौघांत सांगत फिरतो.

शेवटी मी दोन्हीकडे फोन लावला,
किंमत विचारायला नाही,
नुकसान झाल्यावर करायच्या नंबरावर.
पहिल्यांदा पियानो. खरंच पियानो.
चहा झाला, कप विसळून झाला,
मग एक आवाज : पॉलिसी नंबर?
मी ठेवून दिला.

दुसरीकडे तिसऱ्या रिंगला उचलला.
ग्लिन नाव सांगितलं. वेल्श असावा, बोलणं चढउताराचं.
मी काही म्हणायच्या आत म्हणाला,
कुणाला लागलं नाही ना?

हे त्यांना शिकवलेलं असणार. कागदावर लिहून दिलेलं.
माहीत आहे मला.
तरी माझ्याच्याने उत्तर देववेना.
मग म्हटलं, काही झालेलं नाही अजून,
नुसतं बघत होतो, कोण उचलतं.
तो हसला. म्हणाला, बरं केलंत.
त्याला घाई नव्हती.
मलाही फोन ठेवता येईना.

वैजयंती ड्यूटीला निघताना बूट चढवत होती.
कुठला?
मी मोठा आकडा सांगितला.
ती फक्त म्हणाली, टायर बघितलेस?

दुपारी शेताकडे गेलो. वारा, कोबीचा उग्र दर्प.
टायरवर चार आकडे असतात,
आठवडा आणि साल.
ते बारीक असतात, चिखलाने भरलेले,
उभ्याने वाचता येत नाहीत.
गुडघे टेकले, अंगठ्याने चिखल काढला.
सात वर्षं.
महागवाल्यांच्या कागदातही असेल कुठेतरी हे कलम,
शेवटाकडे, नेमक्या भाषेत.

टायर बदलायला हवेत.
मी तसाच बसून राहिलो थोडा वेळ,
हात काळे,
मोमीनांचं पहिलं नाव आठवत.